मीठ कमी

दुसऱ्याच्या कामाचा मान राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत पक्कं माहीत होतं. त्यानंतर जे घडलं त्यानं माझा सगळा गोंधळ करून टाकला. मी गणिताचा शिक्षक आहे. उदाहरण सोडवलं आणि उत्तर निघालं नाही की मला चैन पडत नाही. हे उदाहरण मी किती वेळा सोडवून पाहिलं असेल, पण दरवेळी उत्तर वेगळंच येतं.

पिंगळी मागं टाकून चार-पाच किलोमीटर आत गेलं की ते गाव लागतं. मी परभणीत राहायचो आणि रोज मोटारसायकलवर जायचो-यायचो. सातवीपर्यंतची शाळा, पाच शिक्षक, एक बोअर, पत्र्याची किचन शेड आणि शंभर-सव्वाशे पोरं. बदलीनं मी तिथं गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी मला पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसवलं आणि टेबलाच्या काचेखालचा एक कागद दाखवला. त्यावर कोणत्या शिक्षकाकडं कोणतं काम, ते रकाने पाडून लिहिलेलं होतं. ग्रंथालय एकाकडं, शिष्यवृत्ती दुसऱ्याकडं, झाडं आणि पाणी तिसऱ्याकडं. ते याला खातेवाटप म्हणायचे. माझ्या वाट्याला आधीच्या शिक्षकांचं उरलेलं खातं आलं होतं. तिथं लिहिलं होतं, ‘ऑनलाइन माहिती, चव.’

‘चव’ म्हणजे काय ते मला कळलं नाही असं नाही. दुपारचं जेवण पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं ते चाखायचं आणि चव रजिस्टरात शेरा लिहायचा, हा नियम सगळ्याच शाळांत असतो. पण ऑनलाइनच्या शेजारी चव हे वाचून मला हसू आलं. मुख्याध्यापक हसले नाहीत. ते म्हणाले, “सर, आपल्या शाळेत भांडणं होत नाहीत, त्याचं कारण हा कागद आहे. ज्याचं खातं त्यानं बघायचं. दुसऱ्यानं त्यात बोट घालायचं नाही.”

मला हे फार आवडलं. आधीच्या शाळेत प्रत्येकजण प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायचा आणि कुणाचंच काम धड व्हायचं नाही, त्याचा मला वीट आला होता.

तरी पहिल्याच आठवड्यात मी बोट घातलंच. किचन शेडवरून जाताना पाहिलं, मावशीनं पातेल्यावर झाकण ठेवलेलं नव्हतं. मी विज्ञानही शिकवतो. मी म्हणालो, “मावशी, झाकण ठेवलं तर गॅस कमी लागेल.” स्वयंपाक करणारी ही बाई पन्नाशीची होती, अठरा वर्षांपासून त्याच शेडमध्ये चुलीवर आणि मग गॅसवर पोरांचं शिजवत होती. तिनं मान डोलावली, झाकण ठेवलं. पाच मिनिटांत डाळ उतू जाऊन गॅस विझला. तिनं फडक्यानं शेगडी पुसून परत पेटवली. पण कुणीतरी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. “सर, किचन हे मावशीचं खातं. तुम्ही चव घ्या, लिहा, विषय संपला.” मला ओशाळल्यासारखं झालं. मी मनाशी ठरवून टाकलं की आता किचनमध्ये आपण एक अक्षर बोलायचं नाही. आणि मी ते अगदी काटेकोर पाळलं, हेच तर सांगायचं आहे.

साडेअकराला पोरांची छोटी सुट्टी व्हायची. तेवढी दहा मिनिटं माझ्या हातात असायची. कारण एक वाजता जेवणाची सुट्टी झाली की मला ऑफिसात बसून किती पोरं जेवायला आली ते मोबाईलवर भरावं लागायचं, आणि रेंज मिळेपर्यंत सुट्टी संपायची. म्हणून मी साडेअकरालाच शेडमध्ये जायचो. मावशी पळीभर खिचडी वाटीत काढून द्यायची. मी फुंकून फुंकून खायचो, रजिस्टर उघडायचो आणि शेरा लिहायचो. त्याखाली स्वयंपाक करणाऱ्याची सही असते. मावशी चौथीपर्यंत शिकलेली होती. पदराला हात पुसून ती एकेक अक्षर कोरल्यासारखी सही करायची. एवढ्या सगळ्यात आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते फक्त “झालं का?” आणि “झालं.”

माझ्या आधीच्या शिक्षकानं रजिस्टरात पानंच्या पानं ‘चव चांगली’ असं लिहून ठेवलं होतं. एका पानावर तर वर एकदा लिहून खाली नुसती खुणेची टिंबं दिली होती. मला त्याचा राग आला. पोरांच्या पोटाशी हा खेळ कशाला? मी पहिल्या दिवशी चव घेतली तर खिचडी जवळजवळ अळणी. मी लिहिलं, ‘मीठ कमी.’ दुसऱ्या दिवशी वरण-भात होता, तोही तसाच. परत लिहिलं, ‘मीठ कमी.’ मटकीची उसळ, मीठ कमी. मला वाटायचं, मी लिहितोय, ती वाचून सही करतेय, उद्या सुधारेल. ती सुधारत नव्हती. मला वाटलं, असेल तिचा काही विचार, पोरांना मीठ कमीच बरं. तिचं खातं आहे. सांगायला गेलो तर परत झाकणासारखं व्हायचं. मी खरं ते लिहीत राहिलो. माझी बायको एकदा म्हणाली, “घरात भाजी अळणी झाली तरी तोंडातून शब्द काढत नाही, आणि तिथं रोज लिहून देता?” मी म्हणालो, घर वेगळं आणि रजिस्टर वेगळं. या वाक्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला होता, आता आठवलं की कसंतरी होतं.

दोन-अडीच महिने असे गेले. मग पंचायत समितीतून एक साहेब तपासणीला आले. त्यांनी इतर रजिस्टरं भराभरा चाळली, चव रजिस्टर मात्र हातात घेऊन बसूनच राहिले. एकेक पान उलटताना त्यांचा चेहरा उजळत गेला. ते मला म्हणाले, “सर, एवढी वर्षं शाळा तपासतोय. खरं लिहिणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला.” सगळ्या शिक्षकांच्या देखत म्हणाले. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मोटारसायकलवरून घरी येताना मी गाणं म्हणत आलो.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आहाराच्या चवीबाबत वारंवार प्रतिकूल शेरे असून स्वयंपाकी बाईंकडून सुधारणा झालेली नाही, तरी शाळा व्यवस्थापन समितीनं बैठक घेऊन बाईंना कामावर ठेवायचं की नाही याचा निर्णय कळवावा. मुख्याध्यापकांनी ते मला वाचून दाखवलं. मी म्हणालो, “पण मी असं कुठं म्हटलं होतं?” ते म्हणाले, “तुम्ही लिहिलं होतं, सर.”

मावशीला काढणार, हे माझ्या डोक्यात हळूहळू शिरलं. तिच्या दोन्ही लेकी याच शाळेत तिच्या हातचं खाऊन शिकल्या आणि सासरी गेल्या. नवरा दमेकरी, घरात बसून. गुडघ्यांमुळं तिला शेतात रोजानं जाणं जमत नव्हतं. गावात तिला ‘शाळेची मावशी’ म्हणूनच ओळखत, तिचं नाव किती जणांना माहीत असेल याची मला शंका आहे. आणि तिच्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या दोघी-तिघी गावात होत्याच. बैठक चार दिवसांनी, शनिवारी होती.

मी भांबावून गेलो. मी काही खोटं केलं होतं का? नाही. मग माझ्यामुळं हे झालं का? हो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते मला जुळवता येईना.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल टेबलावर ठेवला आणि एक वाजता पहिल्यांदाच पोरांच्या पंगतीत जाऊन बसलो. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. मावशीनं माझ्या ताटात खिचडी वाढली. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. खिचडीत मीठ अगदी बरोबर होतं. कमी नाही, जास्त नाही. सकाळी साडेअकराला जिच्याबद्दल मी ‘मीठ कमी’ लिहून आलो होतो, तीच ही खिचडी.

माझ्या मनात आलेला पहिला विचार चांगला नव्हता. मला वाटलं, पत्र आल्यामुळं हिनं आज मीठ घातलं. मी शेजारच्या पाचवीतल्या मुलीला विचारलं, “आज खिचडी कशी झाली?” ती म्हणाली, “रोजच्यावानी.” “रोज अशीच असती?” तिनं माझ्याकडं असं पाहिलं की सरांना हे कसं माहीत नाही. “व्हय की.”

त्यापुढच्या दिवशी मी प्रयोगच केला. साडेअकराला चाखलं तर अळणी, एक वाजता चाखलं तर बरोबर. मधल्या दीड तासात पातेल्यात काय होतं, हे शोधायला विज्ञानाच्या शिक्षकाची गरज नव्हती, पण मला एवढे महिने लागले. जेवणाची सुट्टी संपल्यावर मी शेडमध्ये गेलो. मावशी पातेलं घासत बसली होती.

मी विचारलं, “मावशी, तुम्ही मीठ केव्हा घालता?”

“मागून घालते, सर. बाराच्या पुढं. वाफ द्यायच्या टायमाला.”

“आधी का नाही घालत?”

“आपल्या बोअरचं पाणी लय जड हाय. मीठ आदी पडलं की डाळ शिजत न्हाई, दाण्यावानी टच्च राहती. लेकरं मग डाळ काढून टाकतेत. फोडणीत चिमूटभर घालते, बाकीचं मागून.”

ती पातेलं घासत राहिली. मी तिथंच एका पोत्यावर बसलो. साडेअकराला तांदूळ अजून पुरता शिजलेला नसायचा, आणि तो पुढं शिजणार आहे हे मला रोज कळत होतं. मीठही पुढं पडणार आहे, हे कळत नव्हतं.

“मावशी, मी रोज ‘मीठ कमी’ लिहीत होतो. तुम्ही वाचत होता ना?”

“वाचत होते की.”

“मग बोलला का नाहीत?”

तिनं हात थांबवला. तिला माझा प्रश्नच नीट कळला नाही असं वाटलं. “काय बोलू, सर? त्या टायमाला मीठ कमीच असतंय. तुमी खरंच लिहायलात. म्हनून सही केली.”

“पण पोरांना तर बरोबर मिळत होतं.”

“लेकरांचं मी बगते. रजिस्टर तुमचं हाय.” मग म्हणाली, “मागं एक सर होते. त्यांनी रजिस्टरात पोरं जास्त मांडली होती, मी म्हनलं की सर, ताटं तर इतकीच लागलीत. ते म्हनले, मावशी, तुमी पळी हलवा. तवापासून मी रजिस्टरात तोंड घालत न्हाई.”

म्हणजे असं होतं. मी तिच्या पातेल्याचा मान राखत होतो, ती माझ्या रजिस्टराचा मान राखत होती. आम्ही दोघंही एकमेकांशी अत्यंत आदरानं वागत होतो, आणि त्या आदरापायी तिचं काम जायची वेळ आली होती. दोघांपैकी एकानं एकदा जरी थोडा आगाऊपणा केला असता तर हे झालं नसतं. पण मग तो झाकणाचा आगाऊपणा? तो तर चुकीचाच होता. कोणता आगाऊपणा करायचा आणि कोणता नाही, हे माणसानं आधी कसं ओळखावं? मला काही उमगेना.

ऑफिसात येऊन मी रजिस्टर पुन्हा उघडलं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सूचना छापलेल्या होत्या. त्यातली तिसरी अशी की आहार पूर्ण तयार झाल्यावर, वाटपाच्या अर्धा तास आधी चव घ्यावी. मी ती सूचना कधी वाचलीच नव्हती. पोरांना मात्र मी रोज ओरडतो की आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग पेन उचला.

मी मुख्याध्यापकांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. “सर, हे तुम्ही बैठकीत सांगणार?”

“सांगावंच लागेल.”

“म्हणजे तुम्ही नियम मोडून वेळेआधी चव घेत होता, हे गावापुढं कबूल करणार. उद्या दुसरं पत्र तुमच्या नावानं येईल.” ते निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले गृहस्थ होते, त्यांचा आवाज रागाचा नव्हता, काळजीचा होता. “तुमचं खातं आहे. मी काही म्हणणार नाही.” आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की या माणसानं माझ्या खात्यात बोट घालावं, मला काय करायचं ते सांगावं. त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवीच्या वर्गात बैठक भरली. समितीचे दहा-बारा जण पोरांच्या बाकांवर अवघडून बसले होते. मावशी दाराशी, उंबऱ्याच्या आत, खाली बसली होती. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं होतं. समितीचे अध्यक्ष शेतकरी होते, माणूस मिस्कील पण सरळ. त्यांनी पत्र वाचायला लावलं आणि मला म्हणाले, “सर, तुमी लिहिलंय, तर तुमीच सांगा.”

मी उभा राहिलो. वर्गात मी पंचवीस मिनिटं सलग बोलतो, तिथं मला चार-पाच वाक्यंच सुचली. मी म्हणालो की चूक माझी आहे. मी साडेअकराला चव घेत होतो, तेव्हा स्वयंपाक पूर्ण झालेला नसायचा. मावशी मीठ नंतर घालतात. पोरांना कधीही अळणी जेवण मिळालेलं नाही. मी स्वतः दोन दिवस पंगतीत जेवून पाहिलंय.

वर्गात कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी दाराकडं पाहिलं. “काय मावशी? सर म्हनतेत ते खरं हाय का?”

मावशी उठून उभी राहिली. पदर सारखा केला. आणि म्हणाली, “न्हाई. सर बरोबर हायत. मीठ माज्याकडूनच कमी पडायलंय.”

मला वाटलं तिनं ऐकलंच नाही. मी म्हणालो, “मावशी, तुम्ही मला परवाच सांगितलं ना, जड पाणी, डाळ शिजत नाही...”

“ते डाळीचं वेगळं, सर.” ती माझ्याकडं बघत नव्हती, अध्यक्षांकडं बघत होती. “सरांनी खोटं कामून लिहावं? शिकलेलं मानूस हाय. माजीच चूक झाली. एकडाव माफी करा, पुन्ना व्हनार न्हाई.”

मी परत बोलायला तोंड उघडलं, पण मुख्याध्यापकांनी माझा शर्ट मागून धरला आणि मला खाली बसवलं. पुढं पाच मिनिटांत सगळं आटोपलं. एकाला वाटत होतं नवी बाई घ्यावी, पण बाकीचे म्हणाले, बाईनं माफी मागितली, विषय मिटवा. अध्यक्षांनी तोडगा काढला. मावशी कामावर राहतील, मात्र इथून पुढं मीठ आधीच घालायचं, आणि किती घालायचं ते सरांना विचारून घालायचं. “सरांची जीभ लय बारीक हाय,” ते म्हणाले, आणि सगळे हसले. इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं. मावशीनं त्याखाली सही केली, एकेक अक्षर कोरून.

तिचं काम वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तिनं असं का केलं, यावर प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. मुख्याध्यापक म्हणाले, “त्या बाईनं तुमची इज्जत राखली, सर. गावापुढं शिक्षक खोटा पडू नये एवढी अक्कल तिला आहे.” माझी बायको म्हणाली, “अहो, ती हुशार आहे. मास्तराला खोटं पाडून कामावर राहिली असती तरी किती दिवस? माफी मागितली की माणसं सोडतात, हे तिला ठाऊक आहे.” मला कधी पहिलं खरं वाटतं, कधी दुसरं. आणि कधी वाटतं की तिला माझा राग आला असेल. अठरा वर्षं जी गोष्ट तिची होती, ती मी उठून सगळ्यांसमोर समजावून सांगितली. तिच्या डाळीची वकिली मी करत होतो. ती मला कुणी करायला सांगितली होती? पण मग मी गप्प बसायचं होतं का? तेही नाही. इथं आलं की माझं डोकं चालेनासं होतं.

सोमवारी पहिल्या तासाला मी सहावीवर सरासरी शिकवत होतो. दारात सावली पडली. मावशी उभी होती. त्याआधी ती कधी वर्गाच्या दारात आलेली मी पाहिली नव्हती. सगळी पोरं तिकडं वळली.

“सर, मीठ किती घालू?”

मी खडू हातात धरून उभा राहिलो. म्हणालो, “मावशी, तुम्ही घाला तुमच्या अंदाजानं. रोजच्यासारखं, वाफेच्या वेळेला.”

“न्हाई सर. मीटिंगीत ठरलंय. आदी घालायचं, तुमाला इचारून.”

तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. टोमणा होता का मान होता, मला वाचता आलं नाही. पंधरा-वीस पोरं माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी फळ्याकडं पाहिलं, जणू तिथं काही लिहिलेलं असेल. मग मी विचारलं, किती पोरं आलीत. एकशे बारा, ती म्हणाली. मी मनातल्या मनात हिशेब केला, एका पोराला किती ग्रॅम, एकशे बारांना किती, एका मुठीत साधारण किती बसत असेल. बसत किती असेल हे मला माहीत नव्हतं. मी माझी मूठ वळून पाहिली. पोरं खुदकन हसली.

“सात मुठी,” मी म्हणालो.

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. “बरं,” म्हणाली आणि गेली.

एक वाजता मी पंगतीत बसलो होतो. पहिल्या घासालाच पोरांची तोंडं वाकडी झाली. डाळ टच्च राहिली होती आणि खिचडी खारट झाली होती, इतकी की लहान पोरं ताटं सोडून पाण्याच्या टाकीकडं पळाली. त्या दिवशी निम्मी खिचडी गुरांना गेली आणि शंभरावर पोरं अर्धपोटी वर्गात जाऊन बसली. मला लाज वाटली, इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. रागही आला होता, पण तो कुणाचा ते ठरेना.

पोरं गेल्यावर मी शेडमध्ये गेलो. मावशी पातेल्याचा तळ खरवडत होती.

“मावशी, सात मुठी जास्त होतात हे तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की. वर्गाच्या दारातच कळलं.”

“मग का घातलंत?”

“तुमी सांगितलं ना, सर.”

ती हे अगदी सहज म्हणाली. मी तिच्याकडं बघत राहिलो. ती हसेल, रागावेल, निदान एकदा मान वर करून बघेल असं मला वाटत होतं. तिनं खरवडलेली डाळ एका बाजूला काढली, तांब्याभर पाणी पातेल्यात ओतलं आणि विचारलं, “उद्याचं किती घालू, ते आत्ताच सांगून जाता का? म्हंजी परत वर्गात यायला नको.”

पुढच्या तासाची घंटा झाली. मी तसाच उभा राहिलो, आणि तीही हातातला तांब्या खाली न ठेवता, माझ्या उत्तरासाठी थांबून राहिली.